राणीची मिटलेली मूठ

एका राज्यात, सूर्य उगवून बरोबर तीन घटका झाल्या असताना, हेमावती राणीची मूठ मिटली ती उघडेचना. मुठीत लेकीचं मनगट. चंद्रावळ बारा वर्षांची, जन्मापासून डोळ्यांना दिसत नसे. पडेल, धडपडेल, म्हणून राणी तिला सोडतच नव्हती.

वैद्य हरले. मग मांत्रिक आला.

"राणीसाहेब, या गादीला जुना शाप आहे. फार घट्ट धराल, ते दगड होईल. थोरल्या महाराजांचा खजिना असाच दगड झाला. आता कुवरीनं तीन कामं एकटीनं करावीत. तुम्ही ओढायचं नाही, बोलायचं नाही. दिवस मावळायच्या आत झाली तर मूठ सुटेल, नाही तर दोघींचे हात दगडाचे."

पहिलं काम, कढत दूध पेल्यात ओतायचं. चंद्रावळ धारेचा आवाज ऐकत राहिली. आवाज बारीक झाला तशी थांबली. थेंब सांडला नाही. राणीची दोन बोटं सुटली.

दुसरं, बाजारातून हळद आणायची. वासावरून तिनं दुकान शोधून काढलं. वाण्यानं राणीला विचारलं, "धाकट्या बाईसाहेबांना काय हवंय?"

राणीनं ओठ चावले.

"मला विचारा ना, मामा. मला ऐकू येतं," चंद्रावळ म्हणाली. "हळद द्या. ही नको, हिला पोत्याचा वास येतोय."

वाणी खजील झाला. आणखी दोन बोटं सुटली. उरला अंगठा.

तिसरं, नदी ओलांडून पैलतीरावरच्या साळुंकीला आपलं नाव सांगायचं. वेळूच्या काठीनं दगड चाचपत चंद्रावळ निघाली. मध्यावर पाय घसरला, गुडघाभर पाण्यात गेली. सूर्य अर्धा बुडालेला. पण राणीनं ओढलं नाही.

"आई, अंगठा काढ. मला दोन्ही हात हवेत."

राणीनं डोळे मिटले आणि अंगठा उचलला. तो उचलला गेला.

काठी टेकत लेक उठली आणि पैलतीराला लागली.

"कोण आलं?" साळुंकीनं विचारलं.

"चंद्रावळ."

"आणि पाण्यात कोण?"

"माझी आई. घाबरट आहे जरा. थांब, तिला हात देऊन आणते."

त्याच क्षणी खजिन्यातल्या दगडांचं पुन्हा सोनं झालं म्हणतात. राणीला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी ती पैल काठावर बसून मोकळी मूठ चोळत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

ज्या घरी असं लेकरू असेल, त्या घरच्या आईला बायांनो, एवढं जाऊन सांगा.