धुरपताबाईच्या दारावरच्या खाचा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक भट्टी होती, आणि तिच्यातला विस्तव दोनशे वर्षे विझलेला नव्हता. मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या एका कलाल घराण्याची ती भट्टी. पणजोबाने राखेखाली झाकलेला निखारा पणतू फुंकून पेटवी. राज्ये आली, गेली. समोरचा किल्ला तीनदा पडला. निखारा तसाच राहिला.

भट्टीमागच्या खोलीत मातीचे चौदा रांजण होते. माणसाच्या छातीइतके उंच, आतून काळेकुट्ट. त्यांत मोहाची फुले भिजत घातली की तिसऱ्या दिवशी रांजण बोलू लागत. टोपलीभर खेकडे एकमेकांवर चढावेत तशी बारीक, अखंड कुजबुज. त्या खोलीत शिरताना माणसे आपोआप वहाणा काढत. तसे कोणी कधी सांगितले नव्हते.

घराण्याचे नाव मात्र एका रिवाजामुळे होते. नवी दारू उतरली की घरातल्या वडीलधाऱ्याने पायरीवर उभे राहायचे. पहिला द्रोण चारचौघांसमोर स्वतः प्यायचा. मग एकच शब्द बोलायचा. ‘प्या’ किंवा ‘ओता’. ‘प्या’ म्हटले की द्रोण फिरत. ‘ओता’ म्हटले की सगळी दारू नाल्यात जाई आणि दाराच्या उजव्या चौकटीवर विळ्याने एक खाच पडे.

सात पिढ्यांत अशा अकरा खाचा पडल्या होत्या. पहिली घराण्याच्या मूळपुरुषाची. त्याने एका उन्हाळ्यात पहिला द्रोण घेतला आणि त्याचे डोळे गेले. गावात दुसऱ्या कोणाचे गेले नाहीत. तो ठेचकाळत चौकटीशी आला आणि चाचपडत त्याने स्वतःच्या हाताने खाच पाडली. म्हणून ती वाकडी आहे. गावातल्या बाया लेकरांना तिथे उभे करून त्यांचे बोट त्या खाचेवरून फिरवीत.

आता घरात वडीलधारी होती धुरपताबाई. तिचा मुलगा मानाजी भट्टी सांभाळी.

त्या वर्षी गादीवर नवा राजा आला. नव्या राजाने नवी सनद दिली तरच भट्टी चालायची, नाहीतर विस्तवावर पाणी ओतायचे, असा कायदा होता. जंगलात फुले वेचणारी गावातली चाळीस घरे त्या विस्तवावर जगत होती. राजाने निरोप धाडला, ‘येत्या पौर्णिमेला सकाळी येतो. दोनशे वर्षांच्या घराण्याची दारू चाखतो, मग सनद देतो.’

धुरपताबाई तेव्हा भावाच्या दिवसकार्याला माहेरी गेली होती. राजाच्या आधी दरबारचे बखरकार त्र्यंबकपंत येऊन पोहोचले. घराण्याचा इतिहास त्यांनी लिहूनच आणला होता. तो लिहायला त्यांना गावात पाऊल टाकावे लागले नव्हते. अशा लोकांना ते कधीच लागत नाही.

पंतांनी चौकट पाहिली आणि नाक मुरडले. “मानाजी, हे काय रे?”

“बिघडलेल्या दारूच्या खाचा आहेत, पंत.”

“स्वतःची अब्रू स्वतःच्याच दारावर टांगता? बुजव आधी. आणि ती काजळलेली मडकी महाराजांना दाखवणार आहेस?”

मानाजी भोळा होता आणि घाबरलेला होता. त्याने खाचांत लाख भरली, वर रंग दिला. मग राख आणि काथ्या घेऊन त्याने रांजण आतून घासले. तेरा रांजण लालबुंद निघाले. चौदाव्याचा काठ फुटका होता. तो बघण्यासारखा नाही म्हणून त्याने गोठ्यामागे लपवून ठेवला. घासलेल्या रांजणांत त्याने फुले भिजवली आणि पाचव्या दिवशी भट्टी लावली. वास वेगळा येत होता. पण चव घ्यायचा मान आईचा. तेवढा एक रिवाज त्याने पाळला.

पौर्णिमेच्या सकाळी धुरपताबाई परतली. दारात शिरताना सवयीने तिने चौकटीवर बोट फिरवले. बोट गुळगुळीत लाकडावरून घसरले. ती तडक आत गेली. भट्टी लावून उरलेला एक रांजण अजून भरलेला होता. तिने त्याला कान लावला.

“मान्या, रांजण मुका का?”

“घासलेत, आई. बघ कसे लाल निघालेत!”

“अरे, त्या काळ्या थरात आंबवण राहत होती, दह्याच्या विरजणासारखी. सात पिढ्यांची. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालून नाल्यात सोडलंस की रे!”

तेवढ्यात वेशीवर नगारा वाजला.

अंगण माणसांनी भरले. राजा पाटावर बसला. पंतांनी बखर उघडली आणि खणखणीत आवाजात वाचली. “सात पिढ्या! दोनशे वर्षं! एकदाही या घराण्याची दारू बिघडली नाही!” पंतांसोबत आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावकरी एकमेकांकडे बघत राहिले.

धुरपताबाई पायरीवर आली. मानाजीने द्रोण पुढे केला आणि हळूच म्हणाला, “आई, एक शब्द फक्त. चाळीस घरं आहेत.”

“माहीत आहे. त्यांनाच तर पाजायची आहे,” ती म्हणाली.

तिने द्रोण तोंडाला लावला. दारू आंबट होती, आणि आंबटाखाली नासके काहीतरी होते. घोट तिने गिळला. रिवाज तसाच होता. मग ती राजाकडे बघून म्हणाली, “ओता.”

पंत उसळले. “महाराज, म्हातारीची जीभ गेलेली दिसते!”

“जीभ गेली असती पंत, तर ‘प्या’ म्हणाले असते.”

तिने कमरेचा विळा काढला आणि चौकटीवरच्या रंगात खुपसला. लाखेचे तुकडे एकेक करून पायरीवर पडू लागले. एक, दोन, तीन. अकरा. राजा उठून जवळ आला. धुरपताबाईने त्याला खाचा सांगितल्या. कोणती कोणत्या साली, कोणाच्या हातची. सगळ्यांत खालच्या वाकड्या खाचेची हकिकत ऐकताना राजाने तिच्यात बोट घातले. बोट तसेच राहिले. राजाने वहाणा कधी काढल्या, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग त्याने विचारले, “पंत, आमच्या घराण्याच्या बखरीत अशा खाचा किती?”

“एकही नाही, महाराज.” पंतांचा आवाज अजूनही अभिमानाचा होता.

“आणि आजोबांनी बांध फोडून बुडवलेली तीन गावं?”

पंतांनी बखर मिटली.

राजा धुरपताबाईला म्हणाला, “बाई, आज सनद देत नाही. नासलेल्या दारूवर सनद देणं तुलाही पटणार नाही. विस्तव राहू दे. तू ‘प्या’ म्हणशील त्या दिवशी येईन. वर्षभरात म्हणाली नाहीस, तर कायदा कायदा आहे.”

दारू नाल्यात गेली. बारावी खाच मानाजीने पाडली. त्याच्या हाताला विळा लागला, रक्त आले, तरी त्याने ती नीट खोल केली. मग त्याला काहीतरी आठवले आणि तो गोठ्यामागे धावला. फुटक्या काठाचा रांजण तिथे तसाच होता, आतून काळाकुट्ट. त्यात फुले घातली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मायलेक त्याच्याशेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मानाजीने कान लावला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रांजण बोलत होता. दोनशे वर्षांपूर्वीची ती कुजबुज एका फुटक्या मडक्यात जिवंत होती.

त्यातलेच थोडेथोडे बाकीच्या तेरांत घालून धुरपताबाईने सगळे रांजण बोलते केले. दोन महिन्यांनी नवी दारू उतरली. राजा नगाऱ्याशिवाय आला आणि फुले वेचणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. धुरपताबाईने घोट तोंडात बराच वेळ धरला. चाळीस घरे तिच्या गळ्याकडे बघत होती.

“प्या,” ती म्हणाली.

राजाने त्याच दिवशी सनद दिली. तिच्यात एक ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, ‘या घराची चौकट कोणी बदलू नये. राजानेसुद्धा.’

तात्पर्य: जे घराणे आपली चूक चारचौघांत कबूल करते, त्याच्याच शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि ज्या बखरीत एकही चूक सापडत नाही, ती लिहिणाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नये.