पांढऱ्या पेन्सिलीचं टोक

नीट आठवतंय की नाही, शंकाच आहे. पण फार पूर्वी एका माळाकाठी सदोबा चित्रकार राही. तो रंगीत पेन्सिलींनी प्राणी काढी आणि डोळ्यातली चमक शेवटी पांढरीने देई. चित्रात चमक उतरली, की माळावर तो प्राणी पुन्हा दिसत नसे. मोर गेले, खोकडं गेली.

“आज शेवटची पाळी, सशाची,” काळी पेन्सिल म्हणाली. “मिरव बाई! चित्रात जीव तूच ओततेस.”

“ओतते कुठली? माळावरून काढून आणते,” पांढरी म्हणाली.

सदोबाने उचलताच तिने आपलं टोक मोडून घेतलं. त्याने टोक काढलं. तिने पुन्हा मोडलं. असं करता करता ती संपली. चित्रातला ससा आंधळाच राहिला.

पुष्कळ वर्षांनी चौकशी केली, तेव्हा खात्री पटली: त्या माळावर आता फक्त ससेच उरले आहेत.