गोंड्याची पोरं

दारावरच्या वस्तू एकमेकांशी भांडायच्या, त्या काळी भामाकाकूंच्या चौकटीला लोकरीचा एक लाल गोंडा कायमचा टांगलेला असे. दसऱ्याला शेजारी झेंडूचं तोरण लागायचं. फुलं कोमेजली की गोंडा हसायचा, "सुकलात? मी बघा, जसाच्या तसा!"

काकू सुकलेली फुलं चुरून अंगणात टाकत. पुढच्या दसऱ्याला तोरणात झेंडू हजर!

"तू गेल्या वर्षीच सुकलास ना रे?" गोंड्याने विचारलं.

"ते आमचे बाबा. काका, तुमची मुलं कुठे असतात?"

तोरण उतरताच गोंड्याने हट्ट धरला, "काकू, मलाही पेरा!"

"अहो, तुम्ही लोकरीचे!" काकूंनी परोपरीने समजावलं. शेवटी वैतागून त्याला कुंडीत पुरलं, रोज पाणी घातलं. कोंब काही फुटला नाही. मग धुऊन, वाळवून त्यांनी त्याला परत दारावर टांगलं.

पावसाळ्यात गोंड्याच्या पोटात काहीतरी वळवळलं. लोकरीला कसरीची कीड लागली होती.

दसऱ्याला नवा झेंडू आला, तेव्हा गोंडा अर्धाच उरला होता.

"काका, अळ्या खातायत तुम्हाला!"

"हळू बोल," गोंडा कौतुकाने म्हणाला, "पोरं जेवतायत."