जड राजा आणि पेरणीचा नांगर

पूर्वी वेत्रतट नगरात पृथुसेन नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा धाकटा भाऊ होऊन जन्माला आला. त्याचे नाव क्षेमकुमार. तक्षशिलेला राहून तो वैद्यक शिकला होता आणि परत आल्यावर भावाच्याच वाड्यात राहत होता.

पृथुसेन मनाने मोकळा, न्यायाला सरळ आणि देहाने अफाट होता. तूपभात त्याला प्रिय होता. तो स्वतः जेवी आणि शेजारच्यालाही आग्रह करकरून वाढी. जिना चढणे त्याने केव्हाच सोडले होते. दरबार तळमजल्यावर भरे, आणि तो प्रजेच्या सोयीसाठी भरतो असे राजा सांगे. प्रजाही मान डोलावी. राजा चांगला असला की लोक अशा गोष्टी मनावर घेत नाहीत.

पण त्या देशात एक रीत होती. पेरणीच्या उत्सवात राजाने स्वतः नांगर धरायचा आणि राजशेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली सरी, ओढायचा. ज्याला हे जमणार नाही, त्याच्या डोक्यावरचे छत्र पुढच्या वारसाकडे जाई. वारसच उरला नसेल, तर मात्र राजाने नांगराला नुसता हात लावला तरी त्या वर्षापुरते चाले. गेल्या उत्सवात पृथुसेन अर्ध्या वाटेवरच धापा टाकू लागला आणि सेवकांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पलीकडे नेले. सभेतल्या वृद्धांनी तेवढ्यापुरती मान खाली घातली, पण यंदा कोणी धरायचे नाही असे बजावून ठेवले. राजाला मुलगा नव्हता. वारस होता तो क्षेमकुमारच.

त्या सुमारास लोहितक नावाचा वैद्य नगरात आला. कुस्तीच्या फडाआधी मल्लांचे वजन झटपट उतरवून देण्यात त्याचा हातखंडा होता. तो लबाड नव्हता. जे तरण्या मल्लांना सोसले ते राजालाही सोसेल, असे त्याला मनापासून वाटत होते. "पेरणीच्या आत महाराजांना निम्मे करून देतो," तो म्हणाला. राजाला हेच ऐकायचे होते.

राजाचे जेवण बंद झाले. सकाळी ताकाची निवळ, संध्याकाळी कसले तरी कडू पाणी, मध्ये जुलाब, आणि दुपारभर तापलेल्या वाळूच्या खोलीत घाम काढणे. अधूनमधून कोठारातला धान्याचा मोठा तराजू चौकात आणून त्यात राजाला तोलत. राजाचे पारडे वर गेले की नगारे वाजत. लोक टाळ्या पिटत. राणी उत्पलेने तर उत्सवासाठी लहान मापाचा कंबरपट्टा घडवायला टाकला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातली गत झाली होती.

क्षेमकुमार तराजूकडे पाहत नव्हता, भावाकडे पाहत होता. राजाचे केस उशीवर गळून पडत होते. उठून उभे राहिले की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. उजव्या बरगडीखाली मध्येच अशी कळ येई की राजा बोलता बोलता थांबे. एका सकाळी क्षेमकुमाराने कोठारातून नांगर आणवला आणि म्हणाला, "दादा, जरा धरून दाखव."

राजाने नांगर धरला. गेल्या वर्षी त्याला चालवत नव्हते, पण त्याच्या हाताखाली फाळ हातभर मातीत गेला होता. आज नांगर त्याच्या हातून निसटून आडवा पडला.

"तराजू खोटे बोलत नाही," राजा म्हणाला.

"खोटे बोलत नाही, पण सगळेही सांगत नाही. जड माणसाचे वजन सुरुवातीला झरझर उतरतेच, त्यात पाणीच जास्त असते. तिथवर भिण्यासारखे काही नव्हते. पण आता तुझ्या मांड्यांचे आणि दंडांचे मांस जाते आहे, दादा. थेंबे थेंबे तळे साचते. ते रिकामे करायचे म्हणून कोणी बांध फोडला, तर खालची शेते वाहून जातात. हे औषध आज बंद कर. वजन उतरव, पण सावकाश. वर्ष लागेल, कदाचित दोन."

राजाने आडव्या पडलेल्या नांगराकडे पाहिले. "आणि यंदाचा तास?"

"यंदा जमणार नाही."

"म्हणजे छत्र तुझ्याकडे," राजा म्हणाला.

उत्पला दाराशी उभी होती. तिला राहवले नाही. "भाऊजी, इतकी वर्षे आम्ही तुम्हाला घरातले समजलो. ओठात एक आणि पोटात एक ठेवणारे तुम्ही असाल, असे वाटले नव्हते."

 क्षेमकुमाराला फार दुःख झाले. पण वहिनीचा राग खोटा नव्हता, हेही त्याला दिसत होते. तिला नवऱ्याचे छत्र जाताना दिसत होते, प्राण जाताना दिसत नव्हते.

आता छत्र मिळायला त्याला काहीच करावे लागणार नव्हते. गप्प बसले की पुरे होते. राजा शेतात कोसळला असता तरी छत्र त्याचे होते, आणि उत्सवाआधीच गेला असता तरी त्याचेच होते. वर कोणी बोट दाखवले नसते, कारण त्याने भर दिवसा इशारा दिला होता. असे निर्मळ राज्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. बोधिसत्त्वाला ते नको होते. त्याला भाऊ हवा होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली असताना त्याने राजाचाच न्हावी बोलावला आणि सर्वांसमोर डोके मुंडून घेतले. मग रेशमी वस्त्र उतरवून भिक्षूचे काषाय वस्त्र अंगावर घेतले. प्रव्रजिताने, म्हणजे घर सोडून भिक्षू झालेल्याने, नांगराला हात लावायचा नाही आणि छत्राखाली बसायचे नाही, असा त्या देशाचा दंडक होता. सभेतल्या वृद्धांना काय झाले ते लगेच कळले.

"वारस उरला नाही," त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ म्हणाला. "महाराजांनी यंदा नांगराला हात लावावा. तेवढ्याने भागेल."

राजा सिंहासनावरून उठायला गेला, पण त्याला उठवेना. बसल्या जागी तो रडू लागला. उत्पलेने भाऊजींच्या पायाशी पडलेले केस पाहिले आणि पदराने तोंड झाकले. लोहितक मल्लांचा वैद्य होता. आपले औषध थांबावे म्हणून कोणी छत्र ओवाळून टाकलेले त्याने कधी पाहिले नव्हते. तो मान खाली घालून म्हणाला, "मी थांबवतो. मल्ल आणि महाराज एका मापाने मोजले, ही माझी चूक."

"क्षेमा," राजा डोळे पुसत म्हणाला, "मग आता मी खाऊ तरी काय?"

सभेत कोणी तरी हसले, आणि मग राजाही हसला.

"मुगाचे कढण, जवाची भाकरी, भाजी, ताक," क्षेमकुमार म्हणाला. "पोटभर, पण पोट फुटेस्तोवर नाही. आणि रोज सकाळी माझ्याबरोबर शेतावर चालायचे. आज जिथे दम लागेल तिथे बसायचे. उद्या तिथून थोडे पुढे."

त्या दिवसापासून लोक सकाळी एक गंमत पाहत. पुढे मुंडन केलेला भिक्षू, मागे घामाघूम राजा. पहिल्यांदा ते चौकातल्या पिंपळापर्यंत गेले, पुढे वेशीपर्यंत, पावसाळ्यानंतर शेताच्या बांधापर्यंत. तराजू कोठारात गेला आणि पुन्हा धान्यच तोलू लागला. नगारे वाजले नाहीत. लहान मापाचा कंबरपट्टा राणीच्या पेटीतच राहिला, आणि खरे सांगायचे तर तो राजाला कधीच बसला नाही.

त्या वर्षीच्या पेरणीला राजाने नांगराला नुसता हात लावला होता. पुढच्या वर्षी उत्सव पुन्हा आला. राजा तेव्हाही जाडच होता, आणि नुसता हात लावूनही भागले असते. पण त्याने नांगर धरला, फाळ मातीत दाबला आणि बैलांना हाक दिली. शेताच्या मध्यावर, जिथे तो पूर्वी थांबला होता, तिथे लोकांनी श्वास रोखला. राजाचे पाय रेंगाळले, पण थांबले नाहीत. तास पलीकडच्या बांधाला भिडला. तिथे जांभळीच्या सावलीत त्याचा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता.

राजाने नांगर सोडला. "क्षेमा, हे छत्र तुझे होते रे."

"दादा," बोधिसत्त्व म्हणाला, "आधी पाणी पी."

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा संपवली तेव्हा विहाराच्या भिंतीला टेकून नंदिक नावाचा एक स्थूल भिक्षू बसला होता. लवकर हलके व्हावे म्हणून त्याने अन्न सोडले होते आणि भिक्षेच्या वाटेवर तो घेरी येऊन पडला होता. त्याला हा उपाय सांगणारा सुदत्तक भिक्षू शेजारीच होता. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा पृथुसेन तो हा नंदिक. लोहितक तो सुदत्तक, आणि राणी उत्पला ती आज याच्यासाठी पेज घेऊन आलेली उपासिका पद्मा. क्षेमकुमार मी होतो. भिक्षूंनो, उपासमार म्हणजे संयम नव्हे. मात्रा ओळखणे आणि धीर धरणे, हीच मात्रज्ञता."

पद्मेने पेजेचे पात्र पुढे केले. नंदिकाने शास्त्यांकडे पाहिले, मग पात्र घेतले आणि तो घोट घोट पेज प्यायला.