नवी फळी आणि फट

लाकडं आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या मांडवात बाबल मेस्त्री मासेमारीची एक जुनी होडी माणसं पलीकडे न्यायला नव्यानं सज्ज करत होते. तिच्या कुशीत त्यांनी सागाची एक नवी फळी बसवली. फळी भारी चौकस.

तिनं शेजारच्या जुन्या फळीला विचारलं, "मावशी, तुझ्यामाझ्यात ही फट का? मेस्त्री चुकले की काय?"

"कापूस ठासलाय की तिच्यात."

"पण मला आणखी सरकता आलं असतं."

"नको गं पोरी. तुला अजून पाणी माहीत नाही."

पाणी माहीत नाही म्हणजे काय, याचाच फळी विचार करत राहिली.

मग होडी उथळ पाण्यात सोडून बांधली, तशी सांध्यासांध्यातून पाणी आत शिरलं. होडीची मालकीण शेवंताबाई काठावरून म्हणाली, "अहो मेस्त्री, ही तर बुडतेय."

"बुडू दे. उन्हात सुकलीय कधीची. आज पोटभर पिऊ दे तिला."

फळी घाबरली, पण पाण्याची चव तर बघायचीच होती. ती पीत गेली आणि फुगत गेली. कडेला मावशीचा खांदा टेकला, तोही फुगलेला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी होडीतलं पाणी उपसलं. पुन्हा थेंबही आत आला नाही.

"मावशी, मग आधीच घट्ट का नाही बसवलं आपल्याला?"

"फुगताना एकमेकींना फोडलं असतं."

"आणि ती फट गेली कुठे?"

"अर्धी तू भरलीस, अर्धी मी."