रुक्माची शेवटची शर्यत

माणसांनी मनगटावर घड्याळं बांधायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डोंगराखालच्या तळ्यावर दरवर्षी जनावरांची शर्यत व्हायची. आधी तळं पोहून जायचं, मग माळ धावायचा आणि शेवटी टेकडी चढायची. पोहण्यात रुक्मा पाणमांजर कधीच हरली नव्हती. आता मात्र तिचे पाय दुखत. यंदाची शर्यत शेवटची, असं तिनं ठरवलं होतं.

सकाळी ती काठावर आली आणि थबकली. तिच्या लहानपणी या पाण्यात तळाचे खडेसुद्धा दिसायचे. पोहून दमली की आई तिथलंच पाणी पाजायची. आज पाण्यावर हिरवा तवंग होता, कुजका वास येत होता आणि काठाशी मेलेल्या मासोळ्या तरंगत होत्या.

"आज कुणी पाण्यात उतरू नका," रुक्मा म्हणाली.

"आजी, हरायची भीती वाटते होय?" तरुण बदक हसलं आणि त्यानं उडी घेतली.

बाकीचे काठावरच थांबले. तळ्याच्या मध्यावर बदकाची मान लुळी पडली. रुक्मानं तोंड घट्ट मिटलं, पाण्यात शिरून त्याचा पंख धरला आणि त्याला ओढत आणलं. मग तळं सोडून बाकीची शर्यत झाली.

पुढं कित्येक दिवस दोघंही आजारी होती. जरा बरं वाटताच बदक तिच्या बिळाशी आलं.

"आजी, माझ्यापायी तुझी शेवटची शर्यत गेली."

"गेली कुठं?" रुक्मा म्हणाली. "पाण्यात आपण दोघंच होतो, आणि दोघंही काठाला लागलो."