कालची हाळी

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी, एका दाट रानाच्या काठावर एक गाव होतं. थंडीच्या दिवसांत दुपार कलली की त्या रानात धुकं उतरायचं. साधंसुधं धुकं नव्हे हो. त्यात पेटती मशाल हातभरावरून दिसत नसे, आणि शेजारी चालणारा माणूस बोलता बोलता नाहीसा होई.

म्हणून गावाची एक रीत होती. डिंक, मध, लाकूड आणायला रानात गेलेल्यांसाठी घरचं कुणीतरी संध्याकाळी रानाच्या तोंडाशी एका मोठ्या दगडावर उभं राही आणि हाळी देई. हाळी म्हणजे सूर लावून दिलेली लांबलचक हाक. ज्या घरची त्या घरची हाळी वेगळी. आतल्या माणसानं ती ऐकून आवाजाच्या रोखानं मुकाट्यानं चालत यायचं. ओ द्यायची नाही. का द्यायची नाही, ते मात्र कुणी पोराबाळांना सांगत नसे.

हाळी द्यावी तर सगुणाबाईनंच, असं सारा गाव म्हणे. तिचा आवाज घंटेसारखा खणखणीत. आज ऐका की वर्षानं ऐका, त्यात तसूभर फरक नसे.

आणि हाळी देऊ नये ती चिमानं! चिमा आपल्या आईची एकुलती एक मुलगी. आई डिंक वेचायला रानात जाई, आणि संध्याकाळी चिमा दगडावर उभी राही. "आईऽऽ ये गंऽऽ" म्हणत सूर वर चढवला की तिचा आवाज मध्येच फाटे. कधी चिरके, कधी घशातच अडके. लोक पोट धरधरून हसत.

"अगं चिमे, तुझ्या हाकेनं आई यायची नाही, कोल्हे येतील," सगुणाबाई म्हणे. "हो बाजूला. तुझ्या आईला मीच बोलावते."

"बोलवा की काकू," चिमा म्हणे. "पण माझं झाल्यावर."

तिला लाज वाटत नव्हती असं नाही. घरी येऊन चुलीपुढं बसून डोळे पुसायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दगडावर हजर! काल जिथं आवाज फाटला तिथं आज फाटू नये म्हणून श्वास निराळा घ्यायची, मान निराळी धरायची. मग आवाज दुसरीकडेच कुठंतरी फाटायचा. पोरगी हट्टी आहे की खुळी, हे गावाला ठरवता येत नव्हतं. मला विचाराल तर थोडी थोडी दोन्ही.

एका हिवाळ्यात मात्र रानातून माणसं परत येईनाशी झाली.

आधी मध काढणारा गेला, मग एक लाकूडतोड्या. आणि एका संध्याकाळी सगुणाबाई आपल्या नवऱ्याला हाळी देत असताना धुक्यातून तिचीच हाळी ऐकू आली. आधी सगळ्यांना तो प्रतिध्वनी वाटला. पण प्रतिध्वनी हाकेच्या पाठोपाठ येतो. ही हाळी तिनं तोंड मिटल्यावर बऱ्याच वेळानं, खूप आतून, सावकाश आली. तोच खणखणीत आवाज, तोच शेवटचा हेलकावा. तिनं घाबरून पुन्हा हाळी दिली. आतूनही पुन्हा आली, या खेपेला आणखी आतून. जमलेल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

तिचा नवरा त्या आवाजामागं गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

सगुणाबाईनं हाळी देणं सोडलं. बाकीच्यांनीही दगडाकडं पाठ फिरवली, आणि गाव घराबाहेर पडेनासा झाला. पण डिंकावरच ज्यांचं पोट, त्यांनी काय करावं? चिमाची आई जात राहिली. "धुकं उतरायच्या आत येते," असं म्हणून जाई, आणि येईही. चिमानंही रोजची हाळी सोडली नाही.

एके दिवशी धुकंच आधी उतरलं.

चिमा दगडाकडं धावली. गावचा म्हातारा कारभारी काठी टेकत मागून आला. "पोरी, हाळी देऊ नकोस! धुक्यात जे आहे ते तुझाही आवाज उचलेल!"

चिमानं हाळी दिली. आवाज फाटला. आणि मग आतून, सावकाश, उत्तर आलं.

"आईऽऽ ये गंऽऽ"

चिमाचाच आवाज. काल हाळी देताना तिला मध्येच ठसका लागला होता. तो ठसकासुद्धा त्यात होता, जिथल्या तिथं.

आपल्याच गळ्यानं कुणीतरी आपल्या आईला आत नेत होतं. गप्प बसावं, असं तिला वाटलं. पण आपण गप्प बसलो तर आईला तेवढाच एक आवाज उरेल, हेही तिला कळलं. तिनं पुन्हा हाळी दिली. भलतीच चिरकी. मग पुन्हा, आणि पुन्हा. दर खेपेला नव्या जागी फाटत, घशात रक्ताची चव येईपर्यंत ती हाका मारत राहिली. आणि आतून तो दुसरा आवाज गोडीनं, न थकता, तेच म्हणत राहिला. तोच सूर, तोच ठसका.

अखेर धुक्यात एक सावली हलली. डोक्यावर डिंकाची पाटी घेऊन आई बाहेर आली. तिनं चिमाच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला ओढतच घरी आणलं. दाराला कडी लावल्यावर मगच तिनं हात काढला, तशी चिमानं विचारलं,

"आई, तुला कसं कळलं गं, माझी खरी हाळी कुठली ते?"

"रोज ऐकते की तुझी हाळी," आई म्हणाली. "कालचा ठसका आज पुन्हा त्याच जागी लागला, तेव्हाच ओळखलं. माझी पोर रोज चुकते, पण कालच्यासारखी कधी चुकत नाही."

त्या धुक्यात जे काही होतं, त्याला ऐकलेलं पाठ करता येत होतं, एवढंच. नवीन शिकता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई दगडापाशी आली. "चिमे, मला जमणार नाही अशी एखादी हाळी शिकव," ती म्हणाली. चिमानं सांगितलेला अनोळखी सूर तिनं लावला, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. कुणीही हसलं नाही.

तेव्हापासून त्या गावात एक हाळी जमली की ती सोडून दुसरी, न येणारी धरतात. माणसं रानात जातात आणि परत येतात. धुक्यातून अजूनही हाळ्या येतात. त्यात सगुणाबाईची ती जुनी, सुरेख हाळी असते. होती तोवर ती ऐकून सगुणाबाई डोळे मिटायची. ओ मात्र देत नसे.

तात्पर्य : जे जमत नाही ते रोज नेटानं करत राहावं, कारण चुकत चुकत शिकणाराच कालच्यापेक्षा निराळा होतो आणि तोच आपल्या माणसांना वाट दाखवतो.